सहा चाकांचे खडे घासण्याचे यंत्र: डिचोलीच्या पडवीतील एक वर्ष

गेल्या चतुर्थीनंतर मी खडे घासून त्यांना पॉलिश करण्याचे सहा चाकांचे एक यंत्र राजस्थानातील एका उत्पादकाकडून मागवले. आता पुढची चतुर्थी तोंडावर आली आहे, म्हणजे या यंत्राने डिचोली तालुक्यातील आमच्या घरी हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा हे तिन्ही ऋतू काढले आहेत. ऋतूंचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण गोव्यात घरच्या घरी असे काम करायचे ठरवले तर यंत्रापासून होणारा धोका ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात तो विजेचा असतो आणि उन्हाळ्यात धुळीचा. यंत्राबरोबर आलेल्या एका पानी पत्रकात यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही. त्याच्या त्रुटी सांगणार आहे, आणि बाजारात याच साच्याची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, तेव्हा एकट्यालाच दोष देणे योग्य होणार नाही.

माझी पार्श्वभूमी एवढीच, की मी बावीस वर्षे एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने फोडून, दळून, चाळून तपासण्याचे काम केले. दगडाची बारीक भुकटी म्हणजे काय, ती कुठे बसते, अंगावरच्या कपड्यांतून घरापर्यंत कशी येते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. निवृत्तीनंतर छंद निवडताना पुन्हा दगडच निवडला, याबद्दल घरच्यांनी मला बरेच ऐकवले आहे.

यंत्राची रचना सोपी आहे. एका आडव्या पोलादी दांड्यावर मोटरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन चाके बसवलेली असतात. चाकांचा व्यास सहा इंच आणि रुंदी दीड इंच. डावीकडून 80 आणि 220 क्रमांकाची दोन चाके धातूवर हिऱ्याचे कण बसवलेली, कठीण; पुढची 280, 600, 1200 आणि 3000 क्रमांकाची चार चाके रेझिनची, मागे स्पंजाचा थर असलेली आणि म्हणून थोडी दबणारी. क्रमांक वाढत जातो तसा कण बारीक होत जातो. खडबडीत तुकड्याला पहिल्या दोन चाकांवर आकार द्यायचा, पुढच्या चारांवर आधीच्या चाकाचे ओरखडे काढत न्यायचे, आणि शेवटी चामड्याच्या किंवा नमद्याच्या चकतीवर सीरियम ऑक्साइड या पॉलिशच्या भुकटीने चमक आणायची. यातून जो खडा तयार होतो त्याला पैलू नसतात. खालून सपाट आणि वरून घुमटासारखा असा तो असतो, त्याला कॅबोशन म्हणतात. आपल्याकडे अंगठीतला पोवळ्याचा खडा बहुधा याच घाटाचा असतो.

आधी चांगले ते सांगतो. दांडा आणि त्याची बेअरिंगे या किमतीच्या मानाने उत्तम आहेत. घासताना चाक जराही लंबवर्तुळाकार असेल किंवा दांडा किंचित वाकलेला असेल तर दगड हातात ठोके खातो, आणि त्या ठोक्यांमुळे खड्यावर असे चट्टे पडतात की ते पुढच्या कोणत्याही चाकावर जात नाहीत. असा त्रास पहिल्या दिवसापासून फक्त 280 च्या चाकाला होता, त्याच्या सांध्यावर उंचवटा होता; फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने बारा दिवसांत विनाशुल्क दुसरे चाक पाठवले. पत्रकात मोटरीचा वेग मिनिटाला 1800 फेरे असा छापला आहे. माझ्याकडच्या जुन्या टॅकोमीटरवर तो भार नसताना 1430 च्या आसपास भरला, आणि आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर चार ध्रुवांची साधी मोटर एवढीच फिरायची. हे कमी नाही. सहा इंची चाकाची कड त्या वेगाने सेकंदाला साधारण साडेअकरा मीटर जाते आणि अकीक किंवा गारेसारख्या दगडाला ते पुरेसे आहे. छापील आकडा परदेशी यंत्राच्या माहितीवरून उचललेला असावा, असा माझा तर्क आहे.

आता विजेकडे वळतो. संपूर्ण सांगाडा धातूचा, खाली पाण्याचे ताट, वरून सहा नळ्यांतून ठिबकणारे पाणी, आणि अशा यंत्राच्या वायरीला कंपनीने लावून दिलेला प्लग दोन पिनांचा! यंत्राच्या अंगाला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. चालू-बंदचे बटण सांगाड्याच्या पुढच्या बाजूला, नेमके ताटाच्या ओठाखाली होते. ताट जरा भरले की पाणी त्याच वाटेने ओघळत असे. खोके उघडल्यावर मी यंत्र एकदाही सुरू न करता गावातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने आधी प्लग पाहिला, मग आमच्या घराची अर्थिंग तपासली आणि म्हणाला, "काका, यंत्राला अर्थिंग नाही ते नाहीच, पण घराची आहे ती पण नावालाच आहे."

त्याचे म्हणणे खरे ठरले. आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा अर्थिंग बरी चालते. हिवाळा सरून जमीन कोरडी पडू लागली की तिचा विरोध वाढतो. जुन्या खड्ड्यातली पट्टी गंजून अर्धी राहिली होती. विहिरीपासून दूर, न्हाणीचे पाणी जिरते त्या बाजूला नवा खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ भरून नळी पुरली, आणि तेथून पडवीसाठी वेगळी जाड वायर आणली. यंत्राच्या सांगाड्याला खरवडून, रंग काढून, अर्थिंगचा बोल्ट बसवला. तीन पिनांचा प्लग लावला. बटण काढून भिंतीवर, छातीच्या उंचीला, पाणी पोहोचणार नाही अशा पेटीत नेले. आणि विजेच्या वाटेत या सर्वांच्या आधी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला. घरातला साधा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा स्विच, वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नाही. ओल्या हातातून जमिनीकडे जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळतही नाही. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून पाहतो आणि फरक दिसताच क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते. मी ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबतो. अर्थिंग आहे म्हणून आरसीसीबी नको, किंवा आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असा हिशेब ज्या कोणाच्या मनात असेल त्याने तो सोडावा. पाण्याच्या यंत्राला दोन्ही लागतात.

पाणी फिरवण्यासाठी यंत्रासोबत जो पंप दिला आहे, तो माशांच्या काचपेटीत वापरतात तसला, 230 व्होल्टचा, बादलीत बुडवून ठेवायचा. त्याची वायर चार महिन्यांतच कडक होऊन पंपाच्या तोंडाशी तडकली. मी तो लगेच काढून टाकला आणि 12 व्होल्टचा पंप घेतला, ज्याचा अडॅप्टर भिंतीवर उंच टांगलेला आहे आणि ज्याची वायर प्लगपाशी पोहोचण्याआधी खाली झोळ घेते, म्हणजे वायरीवरून वाहत आलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. बादलीतले पाणी रोज बदलावे लागते. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवले तर 80 च्या चाकावरचा भरड कण 3000 च्या चाकावर जातो आणि तासाभराच्या कामावर ओरखडा मारतो. शिवाय त्याच गढूळ पाण्याचे तुषार आपण श्वासाबरोबर घेतो, हे अधिक वाईट. म्हणून हल्ली मी बारीक चाकांना उंचावर ठेवलेल्या वेगळ्या डब्यातून ताजे पाणी देतो आणि पंप फक्त पहिल्या दोन चाकांपुरता ठेवतो.

विजेबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला जूनमधल्या एका संध्याकाळी समजली. काम चालू असताना वीज गेली, मी खडा खाली ठेवला, अंधारात चाचपडत ताटात पडलेली, खडा चिकटवायची काडी शोधू लागलो, आणि वीज आली. यंत्र आपोआप सुरू झाले. बोटाच्या टोकाची कातडी थोडी घासली गेली, यापेक्षा अधिक काही झाले नाही; पण 80 चे चाक नखाला दगडापेक्षा वेगळे मानत नाही. पावसाळ्यात दिवसातून तीनदा वीज जाणाऱ्या प्रदेशात विकायच्या यंत्राला, वीज परतल्यावर आपोआप सुरू न होणारे बटण का नसावे? उपाय मात्र घराच्या मागेच होता. कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, पाणी देणाऱ्या पंपाला जो हिरव्या-तांबड्या बटणांचा स्टार्टर असतो, तो वीज गेली की सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू करत नाही. तसाच, एक फेजचा, स्टार्टर मी पडवीत बसवला. तांबडे बटण कोपराने दाबता येईल अशा ठिकाणी आहे.

आता धुळीबद्दल, आणि येथे मला जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. अकीक, सुलेमानी, गार, जॅस्पर, जांभळा स्फटिक हे सर्व दगड जवळजवळ संपूर्ण सिलिकेचे बनलेले असतात. ते घासताना जे कण उडतात त्यांतले काही मायक्रॉनांचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, कण फुप्फुसाच्या अगदी आतल्या पोकळ्यांपर्यंत जातात आणि शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रणासारखी ऊती तयार होते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून येत नाही, आणि अशा फुप्फुसांना क्षयरोगही लवकर गाठतो. कर्करोगाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1997 साली श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला होता. अमेरिकेने 2016 साली आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा ठरवली ती हवेच्या एका घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम एवढी आहे. म्हणजे चिमटीभर भुकटीसुद्धा सबंध घराच्या हवेला पुरून उरेल.

हे दूरचे उदाहरण नाही. गुजरातेतील खंबायत येथे अकीक घासण्याचा धंदा शतकानुशतके घरांघरांत चालत आला आहे आणि तेथील कारागिरांमधील सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केलेला आहे. घासणारा एक असतो, पण धूळ सगळे घर श्वासात घेते. छंद म्हणून आठवड्याला सहा तास बसणाऱ्याची तुलना रोज दहा तास सानेवर बसणाऱ्या कारागिराशी करणे बरोबर नाही, हे मान्य आहे. तरीही घरात कारखाना आणताना ज्यांच्या घरात तो आधीपासून आहे त्यांच्याकडे पाहावे, एवढे तरी करावेच.

"यंत्र पाण्यावर चालते, म्हणून धूळ होत नाही" हे वाक्य विक्रेत्याने मला फोनवर तीनदा सांगितले. त्याची खातरजमा करण्याची रीत प्रयोगशाळेतली आणि फुकटची आहे. रात्री पडवीतले सर्व दिवे मालवले, एक चांगली विजेरी यंत्राच्या एका कडेला आडवी ठेवली, म्हणजे तिचा झोत चाकांच्या समोरून जाईल आणि मी झोताकडे तिरपा पाहू शकेन. 80 चे चाक सुरू करून त्यावर अकीकाचा तुकडा टेकवला. उजेडाच्या पट्ट्यात तुषारांचा एक पंखा उभा राहिला आणि तो थेट माझ्या हनुवटीपर्यंत येत होता. दुसरी परीक्षा याहून सोपी. काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीचा गुळगुळीत तुकडा यंत्रापासून चार फुटांवर ठेवला आणि सकाळी पाहिला, तर त्यावर राखाडी ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. प्रत्येक ठिपका म्हणजे वाळलेला एक तुषार आणि त्यात दगडाची भुकटी. पाण्यामुळे धूळ पुष्कळच कमी होते, कोरडे घासण्याशी तर तिची तुलनाच नको. पण ती शून्य होत नाही.

यावर मी तीन गोष्टी केल्या. यंत्रावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचे झाकण घातले, ज्याच्या पुढच्या फटीतून फक्त हात आत जातात. चाक वरून खाली, आपल्या दिशेने फिरते, त्यामुळे कंपनीने दिलेला तळहाताएवढा रबराचा पडदा पाणी अडवतो पण तुषार अडवत नाही. झाकणाच्या मागच्या भिंतीत पंखा बसवून हवा बाहेर, घराच्या आणि शेजाऱ्यांच्या विरुद्ध दिशेला, ओढली. माझ्या पाठीकडून येणारा वारा माझ्यावरून यंत्राकडे आणि तेथून बाहेर जातो. छताचा पंखा काम चालू असताना बंद असतो, कारण तो तुषार सगळ्या खोलीत वाटतो. तिसरी गोष्ट मास्क. कापडी मास्क किंवा दवाखान्यातला निळा मास्क या कामाचा नाही. आयएस 9473 हा मानक क्रमांक छापलेला एफएफपी 2 दर्जाचा मास्क तरी हवा, आणि तो चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. दाढीवर तो बसत नाही. मी अकरा वर्षे राखलेली दाढी काढली. या यंत्रामुळे घरात सर्वांना एकमताने आनंद झाला तो एवढाच प्रसंग. आपल्या दमट हवेत मास्क अर्ध्या तासात आतून भिजतो आणि नकोसा होतो, हे खरे आहे. म्हणून मी चाळीस मिनिटे काम आणि वीस मिनिटे अंगणात, असा क्रम ठेवला आहे. मास्क काढायचा तो अंगणात गेल्यावर.

झाकण, पंखा आणि मास्क लावून विजेरीची परीक्षा पुन्हा केली. तुषारांचा पंखा आता मागे झुकलेला दिसला आणि फरशीच्या तुकड्यावर सकाळी बोटाला लागेल असे काही नव्हते.

पण खरा धोका यंत्र बंद केल्यावर सुरू होतो. पावसाळ्यात पडवीत सांडलेला गाळ दोन दिवस ओलाच राहतो आणि पुसला जातो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे वारे सुटले की तोच गाळ दीड-दोन तासांत वाळून पांढुरका होतो, पायाखाली त्याचे पीठ होते, आणि मग तुम्ही पाण्याखाली घासून मिळवलेला सगळा फायदा केरसुणीच्या एका फटकाऱ्यात जातो. आमच्याकडे हे घडले. माझ्या गैरहजेरीत, चांगल्या हेतूने, पडवी झाडली गेली. मी आलो तेव्हा कवडशात धूळ तरंगत होती आणि नात तिथेच भातुकली मांडून बसली होती. त्या दिवसापासून पडवीला दार आणि दाराला कडी आली. केरसुणी तेथे जात नाही. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनरही चालत नाही, कारण बारीक कण त्याच्या पिशवीतून आरपार बाहेर येतात. काम संपले की ताट, सांगाडा, भिंतीचा खालचा भाग आणि जमीन ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडके बादलीतच पिळायचे. कामाचा सदरा आणि रबरी एप्रन पडवीतच राहतात, झटकले जात नाहीत, वेगळे धुतले जातात.

गाळाचे काय करायचे, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी कोणी विचारत नाही. तो न्हाणीच्या मोरीत ओतला तर नळीच्या वाकणात बसतो आणि दगडासारखा घट्ट होतो. अंगणात फेकला तर वाळून उडतो. मी तीन बादल्या ओळीने ठेवल्या आहेत. पहिलीतले पाणी रात्रभर निवळू देतो, वरचे दुसरीत, त्यातले तिसरीत, आणि तळाचा गाळ ओला असतानाच जाड पिशवीत साठवतो. पिशवी भरली की त्यात थोडे सिमेंट कालवून त्याचे गोळे करतो. गड्यांनी त्यांतले दोन कुंपणाच्या खांबांच्या बुडाशी बसवूनही टाकले.

पावसाळ्याने यंत्राचे जे केले ते आता सांगतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. तेव्हा पोलादी दांड्यावर ॲल्युमिनियमच्या आसाची चाके ओली ठेवली तर काय होईल हे सांगायला नको. ऑगस्टमध्ये 1200 चे चाक दांड्याला असे धरून बसले की ते काढायला दोन दिवस तेल सोडत बसावे लागले. आता चाके बसवण्यापूर्वी दांड्याला ग्रीसचा पातळ हात फिरवतो. रेझिनच्या चाकांची आणखी एक खोड आहे. त्यांचा स्पंज पाणी पितो, आणि यंत्र बंद असताना ते पाणी चाकाच्या खालच्या बाजूला उतरते. दुसऱ्या दिवशी सुरू करताच चाक एका अंगाने जड झालेले असते आणि सगळे यंत्र थरथरते. म्हणून आधी पाणी बंद करायचे, चाके दोन मिनिटे कोरडी फिरवून पाणी झटकू द्यायचे, झाकण मात्र उघडायचे नाही, आणि मग मोटर बंद करायची. मोटरीकडून दांडा फिरवणाऱ्या मागच्या बाजूच्या पट्ट्याला आवरण नव्हते, तेही पत्रा वाकवून करून घेतले. इतक्या यंत्रांत हे एवढे का वगळतात कोण जाणे.

हातमोजे या कामात घालू नयेत. फिरत्या चाकात मोजाचे टोक अडकले तर बोट मागोमाग जाते. लांब बाही, गळ्यातली साखळी, जानवे, ओढणी, मोकळे केस, सर्व आवरून बसावे. डोळ्यांवर कडेने बंद असलेला चष्मा हवा. माझा नेहमीचा चष्मा पुरेसा नाही हे दुसऱ्याच आठवड्यात, अकीकाची एक कपची भुवईवर बसली तेव्हा समजले. लहान खडे बोटांत धरता येत नाहीत; ते लाखेने काडीच्या टोकावर चिकटवतात. लाख स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करायची असेल तर तो दिवा, स्पिरिटची बाटली आणि लाख पुसायचे ॲसिटोन ही तिन्ही एकाच मेजावर नकोत.

दगडांच्या निवडीतही सावधगिरी लागते. हिरव्यागार मॅलाकाइटचा मोह सर्वांना होतो. तो मऊ असतो, कठीणपणा मोजण्याच्या मोहसच्या एक ते दहा या प्रमाणावर साडेतीन ते चार, आणि लवकर चमकतो. पण तो तांब्याचा कार्बोनेट आहे आणि त्याची धूळ विषारी. मी तो घेत नाही. सर्पेंटाइनच्या काही प्रकारांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, म्हणून ज्याचा उगम माहीत नाही असा हिरवा, तेलकट दिसणारा दगड चाकाला लावू नये. माझा आवडता दगड आपल्याच मातीतला आहे. खाणीतल्या नोकरीच्या काळात मेजावर वजन म्हणून ठेवलेले पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्टझाइटचे काही तुकडे माझ्याकडे होते, एक पट्टा पोलादी करडा आणि एक तांबूस पांढरा. हा दगड घासताना ताटातले पाणी असे लालभडक होते की पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. त्यातली गार कठीण, सातची, आणि हेमॅटाइट तिच्याहून मऊ. धातूच्या चाकांवर जास्त वेळ ठेवला तर मऊ पट्टे खोल जातात आणि खड्यावर बोट फिरवले तर नांगरलेल्या शेतासारखे लागते. 220 नंतर लगेच रेझिनच्या चाकावर जाणे, दाब कमी ठेवणे आणि घाई न करणे, असे करत सहाव्या प्रयत्नाला आरशासारखा खडा निघाला. या एका खड्यासाठी रेझिनच्या चाकांना मी पूर्ण गुण देतो. त्यात गारेचे थर आहेत, तेव्हा मास्क येथेही तसाच.

जोडीला फुकट म्हणून दिलेली कापायची चकती मात्र निकृष्ट आहे. ती डुगडुगते आणि दगड तिरपा कापते. तिला थंड ठेवण्यासाठी पाण्यात रॉकेल घालण्याचा सल्ला विक्रेत्याने दिला, तो बंद पडवीत कोणीही पाळू नये. मी कापण्याचे काम म्हापशाच्या एका ओळखीच्या कारागिराकडून, पाण्याखाली, करून घेतो. हातात धरायच्या फरशी-कटरने दगड कोरडा कापणे हा पर्याय काही जण सुचवतात. बांधकामावर चिरा कापताना उठणारा तांबडा ढग ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याबद्दल अधिक सांगायला नको.

खर्च असा. यंत्र वाहतुकीसह 58,500 रुपये. अर्थिंगचा खड्डा, वायरिंग आणि आरसीसीबी 9,800, स्टार्टर 2,400, 12 व्होल्टचा पंप आणि अडॅप्टर 1,650, बाहेर ओढणारा पंखा आणि त्याची नळी 4,200, पॉलिकार्बोनेटचे झाकण 2,100, वर्षभराचे मास्क आणि चष्मा 3,600. वरचा खर्च 23,750 झाला, यंत्राच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक. ज्याचा हात 58,500 पाशीच थांबतो त्याने चार चाकांचे लहान यंत्र घ्यावे आणि उरलेले पैसे पडवीवर घालावेत, असे मी सांगेन. विक्रेत्याला मी प्लग, बटण आणि पट्ट्याचे आवरण यांबद्दल सविस्तर लिहिले. त्याने तीन पिनांचा प्लग लगेच पाठवला, आवरणाबद्दल "पुढच्या मालात पाहू" असे कळवले, आणि मास्कबद्दल पुन्हा तेच लिहिले, की पाणी आहे ना.

स्वतंत्र पडवी किंवा छपरी नसेल तर हे यंत्र घेऊ नये. माझा भाचा पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला ते बाल्कनीत ठेवायचे होते. बाल्कनीच्या जाळीवर घरातले कपडे वाळतात, खाली कोणाची तरी खिडकी आहे, आणि पाणी जाण्याची वाट स्वयंपाकघराच्या मोरीतून आहे. मी त्याला नको म्हटले. आता तो रविवारी सकाळी आठच्या बसने इकडे येतो, स्वतःचा मास्क घेऊन, दाढी करून. गेल्या रविवारी त्याने 220 च्या चाकावर पहिला घुमट बरोबर आणला; कड थोडी जाड राहिली आहे, ती या रविवारी उतरवू.